ऑफ तास

मधल्या सुट्टीनंतर शिपाईमामा बदली तासांची वही घेऊन शिक्षकखोलीच्या दारात दिसले, की आम्हा सगळ्यांना अचानक पेपर तपासायची घाई होते. परवा वहीत माझं नाव होतं. आठवी ड, सहावा तास, गणित. मी मराठीची.

गणिताचे सर निवडणुकीच्या ड्युटीवर. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 27वं कलम शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावू नका म्हणतं, आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांना मोकळीक देतं. म्हणजे सर गेले ते नियमानेच. त्यांच्या जागी मी आठवड्यातली चौथी.

दारात पाऊल टाकलं तोच प्रश्न आला, "बाई, ग्राउंडवर सोडता?" नाही म्हटल्यावर बाकं वाजायला लागली. शेवटच्या बाकावरच्या एकाला नाव विचारलं. त्याने शेजाऱ्याचं सांगितलं, शेजाऱ्याने त्याचं. वर्ग खदखदून हसला. बदली तासाला गेलेला माणूस इथेच उघडा पडतो. "ए निळ्या शर्टवाल्या" या हाकेला वजन नसतं. माझ्या वर्गात मी नुसतं नाव घेऊन थांबले तरी भागतं, कारण त्या नावामागे जूनपासूनची ओळख असते: कोण डबा आणत नाही, कुणाचे वडील परगावी असतात. ती एका तासापुरती उसनी कुठून आणायची? त्याच कायद्याच्या 17व्या कलमाने छडी काढून घेतली, ते बरंच झालं. आमचे काही जुने सहकारी अजून तिच्या आठवणी काढतात. पण अनोळखी हातातल्या छडीने तेवढ्यापुरती शांतता झाली असती, एवढंच.

वरून अपेक्षा तरी काय, आवाज व्हरांड्यात येऊ नये. शिकवणं नव्हे, राखण.

फळ्याच्या अर्ध्या भागात एक अर्धवट सोडवलेलं उदाहरण होतं. मी डस्टर उचललं, तसा तो शेवटच्या बाकावरचा उभाच राहिला. "बाई, ते नका पुसू. सरांचं आहे." भोवती खडूने चौकट आखलेली होती, सरांच्या नाही, कुणा पोराच्या वाकड्या हाताची.

डस्टर खाली ठेवलं. मॉनिटरला कॅटलॉग आणायला पाठवलं आणि एकेक नाव वाचत, चेहरा शोधत बसले. तेविसाव्या नावाला घंटा झाली.