सभासद नसलेला वाचक

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात नाव घालायला गेलं की टेबलापलीकडून एक छापील अर्ज पुढे येतो. नाव, पत्ता, व्यवसाय, अनामत रक्कम, वर्गणी महिन्याची की वर्षाची. आणि बऱ्याच ठिकाणी खाली एका जुन्या सभासदाची ओळख म्हणून सही. पुस्तक बुडू नये, एवढाच त्या सहीचा उघड हेतू. पण गावात ज्याला ओळखणारं कुणी नाही, त्यानं काय करायचं, हे अर्जात कुठेच लिहिलेलं नसतं. वाचनालय वर्गणीदारांचं की गावाचं, हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षं असाच लोंबकळत राहिला आहे.

आरंभी तो प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं, कोल्हापूरचं १८५०चं. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा हौशी गोरा अधिकारी, त्याच्या कचेरीतले शिकलेले कारकून, मुन्सफ, वकील, शाळामास्तर अशी मंडळी एकत्र यायची, वर्गणी काढायची आणि ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ उभी राहायची. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींनी पुढाकार घेतला. ‘प्रभाकर’मध्ये त्यांची शतपत्रं सुरू झाली तीही त्याच वर्षी. जुनी घोकंपट्टी सोडा आणि नवी विद्या घ्या, असं पत्रांतून बजावणाऱ्या माणसानं त्या विद्येची पुस्तकं हाताशी ठेवण्याची सोयही पाहिली, हे मला विशेष वाटतं. उपदेश करणारे पुष्कळ असतात, कपाट आणणारे थोडे.

याच पुण्यात, याच १८४८ साली, भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एकाच शहरात, एकाच वर्षी वाचनाची दोन दारं उघडली, पण त्यांच्यामधलं अंतर काही केल्या मिटेना. शाळेत अक्षर गिरवणारी मुलगी उद्या लायब्ररीची पायरी चढून पुस्तक मागेल, असं तेव्हाच्या किती सभासदांच्या मनात आलं असेल? दोष त्या मंडळींना देण्यात अर्थ नाही. आपल्या वर्गणीतून आपल्यासारख्यांसाठी जे उभं करायचं, ते त्यांनी चोख उभं केलं.

शतक संपता संपता विचारानं एक वळण घेतलं. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं. त्यामागचे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम बाविशीचे होते. हेच पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे भावे. मराठीत छापलेलं पुस्तक कुठेतरी एका जागी सापडलं पाहिजे, ही त्यांची तळमळ. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. आता वाचनालय नुसतं वर्तमानपत्रं चाळायची जागा उरली नाही. भाषेची ठेव सांभाळायची जबाबदारी त्याच्याकडे आली. एरवी रद्दीत गेली असती अशी कितीतरी पुस्तकं या संग्रहालयांमुळे आपल्या हाती लागतात. मात्र ठेव सांभाळणाऱ्याचा हात जरा आखडता असतो, आणि कुलूपबंद कपाटाची जी सवय आपल्या ग्रंथपालांच्या अंगी पुढे मुरली, तिला हीही एक बाजू असावी.

गाव आणि पुस्तक यांचा थेट हिशोब मांडला तो बडोद्यानं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यातून लगेच पुढची अडचण समोर आली. मूल शाळेत चार इयत्ता शिकतं, शेतावर जातं, आणि घरात छापलेला कागदच नसल्यामुळे काही वर्षांत अक्षर विसरतं. म्हणजे शाळेवरचा खर्च वाया. वाचनालय हवं ते यासाठी. हौस, संस्कृतिसंवर्धन वगैरे शब्द नंतरचे; मुळात ही काटकसर होती, आणि म्हणूनच ती योजना मला पक्की वाटते. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं. आपला खाजगी संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. पुढच्याच वर्षी ग्रंथपाल तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. देशातला तो पहिलाच.

गावांसाठी केलेली मांडणी आजही वाचण्यासारखी आहे. गावानं वर्गणीचा एक वाटा उभा करायचा. तेवढाच प्रांत पंचायतीनं द्यायचा आणि तेवढाच सरकारनं. गावाला फुकट काही मिळत नव्हतं, पण गाव एकटंही पडत नव्हतं. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या, वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. पेटी यायची, गावात मुक्काम करायची, मग ती परत आणि दुसरी हजर. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांचा विभाग वेगळा, मुलांचा वेगळा. आणि ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी एक दृश्य शाखा होती: जादूचा कंदील, चित्रं, पुढे सिनेमा. वाचता न येणारा माणूसही ग्रंथालयाच्या हिशोबात धरलेला! गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे याच्या पुढचा विचार फारसा कुणी केला आहे, असं मला दिसत नाही. सयाजीरावांनी कुणाकुणा लेखकांना आश्रय दिला हे आपण हौसेनं सांगतो. या पेट्यांचं नाव क्वचित निघतं.

बडोद्याच्या गोष्टीला एक काळी कडही आहे. संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले. शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. दिवस कमाठी बागेत काढावा लागला. ज्या राजानं गावोगाव पुस्तकं पाठवली, त्याच्याच राजधानीत एवढ्या शिकलेल्या माणसाला छप्पर नव्हतं. ग्रंथालयामुळे समाज जवळ येतो, असं भाषणात कुणी म्हणालं की मला ही बाग आठवते. मुंबईतली दुसरी एक बागही आठवते. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथं कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना हेरलं आणि पुस्तकं पुरवायला सुरुवात केली. ना अर्ज, ना अनामत, ना ओळखीची सही. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं तेही पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून.

बडोद्याचा धडा इतरत्र सावकाश पोचला. मुंबई सरकारनं १९३९ मध्ये आसफ फैजी यांची समिती नेमली. वर मध्यवर्ती ग्रंथालय आणि खाली गावापर्यंत उतरत जाणारी साखळी, अशी आखणी तिनं १९४० मध्ये दिली. महायुद्ध सुरू होतं, ती पडून राहिली. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये स्वतःचा ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा, १ मे १९६८पासून अमलात. त्यात परिषद आली, संचालनालय आलं, जिल्हा समित्या आल्या. एक गोष्ट आली नाही: ग्रंथालय कर. मद्रासनं १९४८च्या कायद्यात तो ठेवला होता. आपल्याकडे वर्गणीदारांच्या संस्थांना सरकारनं अनुदान द्यायचं, असा मधला मार्ग निघाला.

या मार्गानं बरंच काही दिलं, हे मान्य करायला हवं. अनुदानित वाचनालयं बारा हजारांच्या आसपास गेली. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. पण नागरिक ग्रंथालय कर भरत नाही म्हणून त्याचा हक्क तयार होत नाही, आणि सरकार केवळ मदत करतं म्हणून वाचनालयही सरकारचं नाही. मधल्या मधे ग्रंथपाल सापडतो: तुटपुंजा पगार, हप्त्याहप्त्यानं येणारं अनुदान, मार्चच्या तोंडावर पुस्तकखरेदीची घाई आणि तपासणीसाठी अद्ययावत ठेवायची रजिस्टरं.

तरीही ही वाचनालयं जगली ती वर्गणीदारांच्या जिव्हाळ्यावर, हेही तितकंच खरं. दिवाळी अंकांची योजना घ्या. ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्या. नोव्हेंबरात काउंटरवर ‘काकू, ‘मौज’ आला का हो परत?’ आणि ‘अहो, तो जोशीकाकांकडे आहे, मी उद्या फोन करते’ ही बोलणी चालतात, त्यात गावाची अर्धी खबरबात कळते. ‘मनोरंजन’नं १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ती घराघरात मुरवली ती वाचनालयांनी, असं माझं मत आहे. व्याख्यानमाला, उन्हाळी सुटीतलं बालवाचनालय, दारातला वर्तमानपत्रांचा स्टँड आणि त्याभोवतीचे निवृत्त लोक हेही याच जिव्हाळ्याचं काम.

आणि आता अभ्यासिका. गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या वाचनालयात सर्वांत जास्त गर्दी तिथं दिसते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. मुलं-मुली सकाळी येतात, डबा, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा चार्जर घेऊन, आणि दिवे मालवेपर्यंत बसतात. पुस्तकं त्यांची स्वतःची. वाचनालयाच्या कपाटाला हात लावत नाहीत. जुने सभासद वैतागतात: यांना वाचनाशी काय देणंघेणं, हे खुर्ची भाड्यानं घेतात.

मला हे वैतागणं पटत नाही. घरात दोन खोल्या, टीव्ही चालू, बहिणीचं बाळ रडतंय. अशा मुलाला शांत खुर्ची आणि ट्यूबलाइट हवी असते, आणि ती देणारी गावात ही एकच जागा आहे. बडोद्यानं निरक्षरालासुद्धा हिशोबात धरलं होतं. मग हातात स्पर्धा परीक्षेचं ‘लक्ष्मीकांत’ घेऊन बसलेल्या मुलीला वाचक का म्हणायचं नाही? मराठवाड्यातल्या एका ग्रंथपाल बाईंनी अभ्यासिकेत पाण्याच्या कूलरशेजारी एक रॅक ठेवला. त्यावर कथा, आत्मचरित्रं, थोड्या कविता. घ्या, वाचा, परत ठेवा, नोंद नको. रॅक रिकामा होतो, भरतो. काही पुस्तकं गेली, त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नाही. अडचण वेगळीच: नोंद नसलेलं वाचन देवघेवीच्या आकड्यात येत नाही, आणि तपासणीला तर आकडेच लागतात.

अभ्यासिकेची फी भरणाऱ्यांना बहुतेक संस्था सभासद मानत नाहीत. त्यामुळे वार्षिक सभेत त्यांना मत नसतं. त्यांना सभासद करून घ्यावं, असं सुचवलं की कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांची एकच भीती असते: उद्या हीच मुलं बहुमतात आली तर कादंबऱ्यांची खरेदी थांबवतील. भीती अगदीच खोटी नाही. तरी मला हा धोका पत्करण्यासारखा वाटतो. खरेदी समितीत त्यांच्याशी कादंबरीसाठी भांडावं लागेल, ते भांडू. पंचविशीतला एखादा तरी माणूस कार्यकारिणीत बसला तर निदान अभ्यासिकेतल्या बंद पंख्यांचा विषय दर वेळी पुढच्या सभेवर ढकलला जाणार नाही.