उत्तर आणि विद्या

विचारतांच उत्तर मिळत असेल तर विद्यार्जनाचे श्रम कशासाठीं करावे, असें हल्लीं घरोघरीं मुलें वडिलांस विचारतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी हें साधन लोकांच्या हातीं आलें, तेव्हांपासून ह्या प्रश्नास विशेषच धार चढली आहे.

साधनांवर रोष धरणें आम्हांस मान्य नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं १९२० नंतरच्या वर्षांत मराठी ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेहि जिज्ञासूंची वाट सुकर करण्यासाठींच. परंतु कोशांतील माहिती आपल्या प्रश्नाशीं वाचकासच जुळवावी लागे. आणि ह्या जुळणींत जी बुद्धि राबते, तीच वाढते. नवें यंत्र ही जुळणीहि करून देतें.

मध्यंतरीं आम्ही एका लेखाचें तात्पर्य यंत्राकडून काढून घेतलें. चार दिवसांनीं एका मित्रानें त्यावर शंका विचारली, तेव्हां आम्हांस एक वाक्यहि बोलतां येईना. तात्पर्य हातीं होतें. मत मात्र नव्हतें. न्यायान्यायाच्या प्रसंगीं असें उसनें ज्ञान काय कामाचें?

यंत्रास जरूर विचारावें. पण आधीं आपलें उत्तर, चुकीचें कां होईना, कागदावर मांडावें. ज्यास स्वतःची चूक दिसूं शकते, तोच शिकत असतो.