कोणत्याच गटात नसलेला माणूस

आयर्लंडमध्ये २४ नोव्हेंबर १९९५ रोजी घटस्फोटाच्या प्रश्नावर सार्वमत झाले आणि अवघ्या ९,११४ मतांनी बाजू 'हो' कडे झुकली. 'नाही' म्हणणाऱ्यांच्या मनात धर्म होता, मुलांची काळजी होती, की घरजमिनीच्या वाटणीची धास्ती, हे त्या आकड्यातून कसे कळावे?

मने जाणण्याची निराळी रीत विल्यम स्टीफनसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून मांडली. तिला 'क्यू' पद्धत म्हणतात. समजा, विषय आहे म्हातारपणी कोठे राहावे. चाळीसएक कार्डांवर एकेक विधान लिहायचे: 'मुलांनी सांभाळलेच पाहिजे', 'सुनेवर ओझे होण्यापेक्षा वृद्धाश्रम बरा', 'मलिद्याला चार आपली माणसे जवळ असावीत'. माणसाने ती अगदी पटणाऱ्यापासून मुळीच न पटणाऱ्यापर्यंत लावायची. टोकांना जागा दोनतीनच, मधे पुष्कळ. तेव्हा 'सगळेच पटते' म्हणून सुटका नाही! मग संगणक माणसाची मांडणी माणसाच्या मांडणीशी ताडून सारख्या मतांचे गट पाडतो. 'पीक्यूमेथड' नावाचे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळते. तीसचाळीस माणसे पुरतात, हे आपल्यासारख्या मूठभर समाजाला बरे वाटावे.

पण कार्डे लिहितो कोण? संशोधकाने मलिदा हा शब्दच ऐकला नसेल, तर ते कार्ड गठ्ठ्यात येणार नाही आणि यंत्रातूनही निघणार नाही. चांगले संशोधक आधी लोकांशी बोलून त्यांच्याच शब्दांत विधाने घेतात, हे खरे. आपण मात्र दुसऱ्यांनी लिहिलेली कार्डे पाहिली आहेत. आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत, हे इस्राएलात १९६४ साली क्नेसेटला ठरावाने सांगावे लागले.

दुसरी अडचण आम्हांस अधिक सलते. काहींची मांडणी कोणत्याच गटात बसत नाही, काहींची दोन गटांत निम्मी निम्मी. गटाचे चित्र काढताना त्यांना बाजूस ठेवतात. हिशेबाला ते योग्यच. आम्ही जन्मभर परिचारिकेचे काम केले. दुखणे शून्य ते दहा या अंकांत सांगा म्हटले, की बहुतेक रोगी सांगत. एखादी आजीबाई नुसते 'देवाची कृपा' म्हणे. तक्त्यावर काय लिहावे? खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसावे लागे, तेव्हा कोठे रात्रीची झोप नाही हे कळे.

मांडणीनंतर 'हे कार्ड टोकाला का ठेवलेत?' असे विचारण्याची रीत या पद्धतीत आहेच. वेळ थोडा असेल, तर ती विचारपूस गटात न बसलेल्यांपासून सुरू करावी, असे आम्ही सुचवू.