क्षमा आणि कर्बोदके

खाण्याच्या बाबतीत पापपुण्याची भाषा आपल्याकडे पूर्वी फक्त एकादशीला निघायची, आणि तीही साबुदाण्याच्या खिचडीने तोंड भरलेलं असताना. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पण पुण्य पदरात पडायचं. आता ही भाषा रोजची झाली आहे. कर्बोदकं कमी करण्याचं व्रत घेतलेला माणूस 'काल भात खाल्ला' हे ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात पूर्वी लोक भावाभावांचं भांडण कोर्टात गेल्याचं सांगत.

मीही गेले आठ महिने या पंथात आहे. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३० ते ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. कडक पंथीयांचा दिवसाचा शिधा ५० ग्रॅमच्या आत. म्हणजे दीड भाकरीत दिवस मावळला! बरोबरचं पिठलंही काही निर्दोष नाही.

पण मला कुतूहल आहे ते व्रत मोडल्यानंतरच्या तर्काचं. सकाळी दहाला एक जिलबी पोटात जाते. 'आता मोडलंच आहे तर' असं म्हणत रात्रीपर्यंत खोकं रिकामं होतं. यातली पहिली जिलबी भुकेची. बाकीच्या अकरा पश्चात्तापाच्या.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा किलोभर जास्त दाखवतो आणि माणूस खचतो. वास्तविक ती चरबी नव्हे. शरीर साखर ग्लायकोजनच्या रूपाने साठवतं, ते दर ग्रॅममागे तीनएक ग्रॅम पाणी धरून. आलेलं पाणी चार दिवसांत निघूनही जातं. पण हे सांगितलं तर लोकांना आवडत नाही, असा माझा अनुभव आहे. एका लाडवाबद्दल स्वतःला क्षमा न करणारा माणूस मनातून लाडवाच्या पलीकडे पोचलेला असतो. मार बसतो तो त्या पोचलेपणाला.

या पंथाचा मूळपुरुष इतका कडक नव्हता हो! लंडनचा विल्यम बँटिंग, धंद्याने लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा. त्याने १८६३ साली आपल्या लठ्ठपणावर एक पत्र छापलं. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून त्याने वर्षभरात वीसएक किलो वजन उतरवलं होतं. पण त्याच्या पानात कोरड्या टोस्टचा तुकडा होता, आणि जेवणाबरोबर दोन-तीन ग्लास उत्तम वाइनही. गृहस्थ ८१ वर्षांचा होऊन गेला. आमच्या धर्मशास्त्रकारांचंही तसंच. चांद्रायणात पौर्णिमेला पंधरा घास, रोज एक कमी, अमावस्येला उपास, पुन्हा एकेक वाढवत पंधरा. महिन्यात हिशेब चुकता. पुढे कुणी तोंड पाडून बसायचं नाही.

अर्थात क्षमेचाही गैरफायदा घेता येतो. लग्नाला निघतानाच 'आज आपण स्वतःला माफ केलंय' म्हणणारे मी पाहिले आहेत. क्षमा घडून गेल्यावर करायची असते. आधी केली की तिला परवाना म्हणतात, आणि परवान्यावर माणूस काय काय उचलतो हे सर्वांना ठाऊक आहे.

आता खरी अडचण सांगतो. माझी मावशी ८४ वर्षांची. गणपतीत अजून स्वतः उकड मळते, थरथरत्या बोटांनी मोदकाला कळ्या पाडते. कळ्या आता पूर्वीसारख्या एकसारख्या येत नाहीत. यंदा शेजारच्या पानावर बसलेल्या एका नातलगाने 'मला चालत नाही' म्हणून पानावर हात आडवा धरला. मावशी 'बरं' म्हणाली आणि पुढे सरकली. त्या 'बरं'चे ग्रॅम कुठल्या तक्त्यात बघायचे? मी दोन खाल्ले, वर तूपही घेतलं. त्यात मला क्षमा मागण्यासारखं काही दिसलं नाही, आणि रात्री भात सोडला तो काही प्रायश्चित्त म्हणून नव्हे, भूकच नव्हती.

तिसऱ्याला मात्र मी नको म्हटलं.

"बरं वाटत नाही का रे?" मावशीने विचारलं, आणि माझं उत्तर येण्याच्या आत डबा शोधायला उठली.