टाके कुठे आहेत?

पिट्यूटरीच्या गाठीचं ऑपरेशन करून काका घणसोली गावात परत आले, तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाने आधी त्यांचं डोकं पाहिलं. केस जसेच्या तसे. पट्टी नाही, टाके नाहीत.

शेजारच्या आजींनी विचारलंच, "मग कापलंय कुठं?"

"नाकातून केलं," काका म्हणाले, आणि खोलीतली काळजी एकदम ओसरली. नाकातून म्हणजे छोटंसंच असणार!

पिट्यूटरी ग्रंथी कवटीच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, हाडाच्या खोबणीत बसलेली असते. १९०७ साली ऑस्ट्रियात हर्मन श्लोफर या सर्जननी नाकावाटे तिच्यापर्यंत वाट काढली, तेव्हा त्यांना चेहऱ्यावर छेद घेऊन नाक बाजूला वळवावं लागलं होतं. आज नाकपुडीतून दुर्बीण जाते. पण पोचायचं तिथेच असतं. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या, वर दृष्टीच्या नसा. 'कमी छेदाची शस्त्रक्रिया' हे नाव वाटेबद्दल सांगतं, मुक्कामाबद्दल नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं : वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही. तरी बाराव्या दिवशी गॅसचा सिलिंडर आत घ्यायला काकांना हाक मारली गेली. हाक मारणारा मीच होतो. ते उठले. नंतर म्हणाले, "धडधाकट दिसत होतो रे, नाही कसं म्हणू?"

संध्याकाळी त्यांच्या नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काहीतरी टपकू लागलं. मेंदूभोवतीचं पाणी झिरपत होतं. पुन्हा हॉस्पिटल. मांडीतली थोडी चरबी काढून ती गळती बुजवली.

या वेळी मांडीवर टाके होते. सगळे त्यांच्याबद्दलच विचारत होते. कुणी उशी सरकवली, कुणी पाणी आणून दिलं. डोळ्यांच्या नसांजवळ काय घडलं होतं ते कुणालाच दिसलं नव्हतं. मांडीचे टाके मात्र सगळ्यांना पटले.

आपली माणुसकी पुरावा मागते. प्लास्टर घातलेल्या पायाला ठाणे–वाशी लोकलमध्ये लगेच जागा मिळते. 'मला बरं वाटत नाही' एवढंच म्हणणाऱ्याकडे आपण वरपासून खालपर्यंत बघतो. सर्जरीने माणसाच्या अंगावरची खूण पुसली हे चांगलंच झालं. पण आता ती खूण सांगायची ते माणसाच्या शब्दाने सांगावं लागणार, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला नाही. इतकी नाही, की काकांनी स्वतःच्या थकव्यावरही ठेवला नाही.

काकांना अजून सुकटीचा वास येत नाही. तेही बाहेरून दिसत नाही. ते सांगतात, म्हणून मला कळतं.