भीमजींचा छापखाना

खुल्या व्यापाराने नव्या कलांचा प्रवेश होतो आणि नाना जातीजमातींची माणसे एका कामाला जुंपली जातात, असे म्हणतात. म्हणणे खोटे नव्हे. पण जहाजातून उतरलेला माल आणि उतरलेली विद्या यांत भेद आहे, आणि तो सुरतेच्या भीमजी पारख यांच्या खटपटीत जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसेल.

सतराव्या शतकात तापीकाठच्या या बंदरात बनिये, पारशी, बोहरी, आर्मेनियन, इंग्रज व डच एकाच बाजारात सौदे करीत. भीमजी हे इंग्रज कंपनीचे दलाल. आपले प्राचीन ग्रंथ छापून निघावेत म्हणून त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. त्याप्रमाणे 1674 साली हेन्री हिल्स मुंबईस आला. त्याला छापता येई. देशी अक्षरांचे साचे कोरून खिळे ओतणे ही मात्र त्याची विद्या नव्हती. तेव्हा भीमजींनी आपलीच माणसे त्या कामी लावली, आणि त्यांनी छापलेले काही कागद चांगले सुवाच्य निघाल्याची नोंद कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे. हा वृत्तान्त अ. का. प्रियोळकरांनी 1958 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दिला आहे. पत्रात त्या कारागिरांची ओळख भीमजींची माणसे एवढीच!

पुढे हे काम खुंटले. सुरतेतच जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबानांनी मुंबईत देशी छापखाना काढला तो 1812 मध्ये. गोव्यात तर मुद्रणयंत्र 1556 मध्येच उतरले होते. तेही बंदरच होते, परंतु यंत्र मिशनऱ्यांच्या हातांतून बाहेर पडले नाही. बंदर उघडे असणे पुरेसे नसते, ते असे.

आजच्या सुरतेत हिऱ्यांच्या घंटीवर सौराष्ट्रातले कारागीर बसतात, यंत्रमागांवर ओडिशातल्या गंजामचे; आपले खानदेशी बांधवही तेथे पुष्कळ आहेत. हे वैविध्य व्यापारानेच घडविले, आणि दार लावून घ्यावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात 50 टक्क्यांवर नेली, तेव्हा त्या घंट्यांचेच काम घटले. परंतु मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या मागाची रचना कोणी समजावून सांगतो काय? त्याने सुचविलेली सुधारणा मालक ऐकतो काय? नुसती निरनिराळ्या मुलखांची माणसे मोजून हा प्रश्न सुटत नाही. हिरे घासणाऱ्यास तेथे आता रत्नकलाकार म्हणतात. नाव आदराचे आहे. मजुरी मात्र अजून नगावर मोजतात.