निळ्या रेषेच्या आत

हिंजवडीच्या कडेने मुळा वाहते, हे इथे नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांना फक्त मॅपवर दिसतं. मुळशी धरणाकडून येणारी ही नदी पुढे औंध-बाणेरजवळ राम नदीला भेटते. त्या संगमाच्या काठावर अजून थोडं जंगल उरलंय. करंज, उंबर, वाळुंज. पाण्याला वास येतो, खोटं कशाला बोला. तरी एका रविवारी डबे घेऊन आम्ही चौघं तिथे गेलो.

जेवताना मैत्रीण म्हणाली, ‘‘इथे पेव्हर ब्लॉक टाकून दिवे लावले ना, तर माझी आईसुद्धा येऊ शकेल. तिचे गुडघे गेलेत.’’

याला उत्तर देणं सोपं नाही. ‘जंगल आहे तसंच राहू द्या’ हे मुळांवरून उड्या मारत जाणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला परवडतं. पुण्यातल्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाची बाजू घेणारे अनेक जण मनापासून हेच म्हणतात: नदी सगळ्यांना मिळू द्या. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये झाडांसाठी ‘चलो चिपको’ म्हणत रस्त्यावर उतरलेले लोकही नदीसाठीच भांडत होते.

पण ‘सगळे’ म्हणजे कोण? आपण काठाला रिकामी जागा समजतो. पूररेषेच्या नकाशात मात्र ती नदीची जागा आहे. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचेल ती लाल. करंजाची मुळं माती धरतात, झाडोरा पाण्याचा वेग कमी करतो. दिवे लागले की घुबडांची रात्र जाते. हे सगळे त्या ‘सगळ्यां’त धरायचे की नाही?

मला वाटतं, मैत्रिणीच्या आईचा हक्क खरा आहे, पण तो शहराकडे मागायचा आहे. तिच्या गल्लीत सपाट फुटपाथ नाही, सावलीत बाक नाही. आमच्या आयटी पार्कातही एका फेजमधून दुसऱ्या फेजपर्यंत सावलीतून चालत जाऊन दाखवा! शहराने जे दिलं नाही, ते आपण नदीकडून वसूल करायला निघालोय.

हे मी तिला सांगितलं. रस्ता संपतो तिथे, रेषेच्या बाहेर, एक बाक ठेवता येईल असंही म्हणालो. ती म्हणाली, ‘‘तिथून नदी दिसत नाही रे, नुसती झाडं दिसतात.’’

खरंच दिसत नाही.